विश्लेषण : फिटनेसच्या जाहिरातींत पंचेचाळिशीची स्त्री का दिसत नाही?

जिम, ओट्स, प्रोटीन पावडर किंवा वजन कमी करण्याचे ॲप... जाहिरात कशाचीही असो, त्यातली स्त्री एक तर पंचविशीची असते किंवा पन्नाशीची असूनही पंचविशीची दिसणारी. प्रत्यक्षात स्नायू आणि हाडे सांभाळण्याची गरज पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत झपाट्याने वाढते. त्या वयाच्या स्त्रीला जाहिरात काय सांगते, काय सांगत नाही, आणि याबाबत कायदा काय म्हणतो?

जाहिरातींत नेमके काय दिसते?

ठाण्यातल्या वर्तकनगरचे उदाहरण घेऊ. पोखरण रस्ता क्रमांक १ च्या परिसरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पुनर्विकासाच्या माहितीपत्रकात ‘क्लब हाऊस आणि जिम’ हे पान हमखास असते आणि त्या पानावर ट्रेडमिलवर धावणारी, सपाट पोटाची तरुणी. जिमच्या पाट्यांवर आणि खांबांवरच्या फलकांवरही तीच. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत फोटो नसतो, पण ‘महिन्यात अमुक किलो कमी’ हे वाक्य असते. मोबाइलवर तर हा मजकूर शोधावाही लागत नाही. ‘थायरॉइड’ किंवा ‘पाळी’ या शब्दांचा एकदा शोध घेतला, की पोट कमी करण्याचे रील्स आपोआप समोर येऊ लागतात.

याच वर्तकनगरला लागून असलेल्या उपवन तलावाच्या काठावर आणि येऊरच्या वाटेवर सकाळी चालायला येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया भरपूर असतात. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात स्पोर्ट्स शूज आणि हातात घराची किल्ली. फिटनेसच्या जाहिरातीत मात्र ही स्त्री जवळजवळ नसते.

म्हणजे या वयाच्या स्त्रिया जाहिरातींत नसतातच?

असतात, पण ठरावीक भूमिकांत. पहिली भूमिका दुखण्याची. घरकाम करताना कंबर धरून उभी राहिलेली गृहिणी ही ‘मूव्ह’सारख्या मलमांच्या जाहिरातींतली जुनी ओळखीची व्यक्तिरेखा. गुडघ्याच्या तेलांच्या जाहिरातींतही तीच जिना चढताना अडखळते.

दुसरी भूमिका काळजी वाहण्याची. ‘सफोला’सारख्या तेलांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे नवऱ्याच्या हृदयाची चिंता बायको करत आली आहे. मुलाची उंची वाढावी म्हणून दुधात पावडर ढवळणारी आईही याच रांगेतली. इथे आरोग्य दुसऱ्याचे असते, ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र तिची.

तिसरी भूमिका वय लपवण्याची. ‘संतूर’ साबणाच्या गाजलेल्या जाहिरातमालिकेत तरुणी वाटलेल्या स्त्रीला तिची मुलगी ‘मम्मी’ म्हणून हाक मारते आणि सगळे चकित होतात. साबणाच्या जाहिरातीतला हा विनोद पुढे फिटनेसच्या बाजाराने जसाच्या तसा उचलला. ‘दोन मुलांची आई वाटतच नाही’ हे आजही सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र समजले जाते. आई असणे आणि तंदुरुस्त असणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असे या कौतुकातच गृहीत धरलेले आहे.

याला अपवाद म्हणून २००८ मध्ये बाजारात आलेल्या ‘विमेन्स हॉर्लिक्स’चे नाव घ्यावे लागेल. स्त्रियांच्या हाडांचा विषय त्यामुळे टीव्हीवर आला. पण तिथेही उपाय कपात होता, व्यायामात नव्हता.

या वयात शरीरात काय बदलते?

भारतीय स्त्रियांमध्ये पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या आसपास असते. म्हणजे भारतीय स्त्री या टप्प्यावर साधारण पाच वर्षे आधी पोहोचते. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होणे, झोपमोड, अंगातून गरम वाफा येणे, चिडचिड असे त्रास सुरू झालेले असतात.

याच काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि त्याचे तीन परिणाम महत्त्वाचे असतात. पहिला हाडांवर. पाळी थांबल्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. दुसरा स्नायूंवर. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि पुढे हा वेग वाढतो. तिसरा चरबीच्या जागेवर. मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. वजनकाटा फारसा हलला नाही तरी कंबरेचा घेर वाढतो. पोटातील अवयवांभोवतीची ही चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जोडलेली आहे. म्हणूनच भारतीय स्त्रियांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर धरली जाते. पुरुषांसाठी ती ९० सेंटिमीटर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कंबरेचे मोजमाप पहिल्यांदा घेतले गेले. त्यात सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होते. या आकडेवारीच्या विश्लेषणानुसार ३० ते ४९ वयोगटात दहापैकी पाच ते सहा स्त्रियांची कंबर मर्यादेबाहेर आहे.

मग जाहिरात जे विकते त्यात चूक काय?

चूक मोजपट्टीत आहे. जाहिरात ‘वजन’ विकते, शरीराला गरज असते ‘ताकदी’ची. वजन झपाट्याने कमी करण्यासाठी जेवण तोडले, की चरबीबरोबर स्नायूही जातात. विशीत ही तूट भरून निघते. पंचेचाळिशीत स्नायू आधीच घटत असतात, तेव्हा असे ‘यश’ शरीराला महागात पडू शकते. वजनकाट्यावर आकडा खाली आलेला दिसतो, पण गॅसचा सिलिंडर सरकवताना किंवा जमिनीवरून उठताना लागणारी ताकद कमी झालेली असते.

व्यायामाबद्दलचा वैद्यकीय सल्लाही जाहिरातीपेक्षा वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम त्यात वाढवावेत. या सूचना पहिल्या भागापुरत्या, म्हणजे ‘रोज चालत जा’ इथपर्यंतच, बहुतेक घरांत पोहोचल्या आहेत. दुसरा भाग वाटेतच गळाला.

तो पोहोचायला हवा, याचे एक ठोस उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलंडमधील ग्रिफिथ विद्यापीठातील संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर ‘लिफ्टमोर’ नावाचा अभ्यास केला. त्यांचे सरासरी वय ६५ होते. निम्म्या गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उड्या मारण्यासारखे व्यायाम केले. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वजने उचलणाऱ्या गटात मणक्याच्या हाडांची घनता वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांत ती घटली. अर्थात हा प्रयोग तज्ज्ञांच्या नजरेखाली झाला होता. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने मनाने घरी असे व्यायाम सुरू करू नयेत.

जाहिरातींची भाषा मात्र ‘इंच लॉस’, ‘टमी फॅट’, ‘साइड कटिंग’ यांच्याभोवतीच फिरते. ‘लेडीज बॅच’ म्हटले, की झुंबा आणि एरोबिक्सचे फोटो. डंबेल आणि बारबेलचे फोटो पुरुषांच्या वाट्याला. ‘वजने उचलली तर पुरुषी दिसू’ ही भीती यातूनच पक्की होते. ती निराधार आहे. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फार कमी असल्याने आठवड्यातून दोनदा डंबेल उचलून कुणाचे दंड फुगत नाहीत.

मलायका, शिल्पा, मंदिरा पन्नाशीच्या आहेत की!

खरे आहे. मंदिरा बेदी यांचा जन्म १९७२चा, मलायका अरोरा यांचा १९७३चा आणि शिल्पा शेट्टी यांचा १९७५चा. योग, व्यायाम आणि आहार या क्षेत्रांतील जाहिरातींचे हे ठळक चेहरे. त्यांच्यामुळे ‘या वयातही व्यायाम करता येतो’ हा संदेश घराघरांत गेला, हे श्रेय द्यायलाच हवे.

अडचण वेगळीच आहे. या चेहऱ्यांची निवड त्यांचे वय दिसावे म्हणून होत नाही, ते दिसू नये म्हणून होते. शरीर सांभाळणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग आहे. त्यासाठी लागणारा वेळ, प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ त्यांच्याकडे असतात. सकाळी डबे करून, टीएमटीने किंवा शेअर रिक्षाने स्टेशन गाठून, संध्याकाळी सासूबाईंच्या औषधांच्या वेळा पाळणाऱ्या स्त्रीला तीच मोजपट्टी लावली, की पदरी अपयशच येते. चार महिने नियमित चालूनही पोट ‘तसे’ दिसत नाही म्हटल्यावर ‘आपल्याला काही जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दरम्यान तिचा रक्तदाब आटोक्यात आलेला असेल, झोप सुधारली असेल, जिना चढताना धाप कमी लागत असेल. जाहिरातीने शिकवलेल्या हिशोबात या कमाईची नोंद होत नाही.

महाराष्ट्रात वेगळे चित्र कधी दिसले का?

दिसले. ठळक उदाहरण बारामतीच्या लता भगवान करे यांचे. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या करे २०१३-१४च्या सुमारास बारामतीतील मॅरेथॉन स्पर्धेत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढील वर्षांतही त्यांनी ही शर्यत जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली.

दुसरे उदाहरण अभिनेते आणि धावपटू मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण यांचे. २०१६ मध्ये त्या मुलाबरोबर साडीत अनवाणी धावतानाचे दृश्य देशभर पाहिले गेले. जुलै २०२० मध्ये ८१व्या वाढदिवशी त्यांनी मुलासोबत काढलेल्या जोरांचा व्हिडीओही गाजला. मिलिंद सोमण ज्याचा चेहरा आहेत त्या ‘पिंकेथॉन’ या केवळ स्त्रियांसाठीच्या धावण्याच्या उपक्रमाची सुरुवात २०१२ मध्ये मुंबईत झाली. त्याच्या छायाचित्रांत साडीतल्या, सलवार-कमीजमधल्या, सर्व वयांच्या आणि सर्व बांध्यांच्या स्त्रिया दिसल्या.

ही उदाहरणे मोलाची आहेत, पण पहिल्या दोन्हींत एक साम्य आहे. लता करे दिसल्या त्या पतीच्या आजारपणामुळे. उषा सोमण दिसल्या त्या प्रसिद्ध मुलामुळे. दोघी साठीपलीकडच्या, त्यामुळे त्यांच्याकडे ‘चमत्कार’ म्हणून पाहिले गेले. म्हणजे दृश्यात एका टोकाला ‘मम्मी वाटतच नाही’ अशी तरुण आई आहे आणि दुसऱ्या टोकाला ‘सुपर आजी’. या दोघींमधली जवळजवळ वीस वर्षे रिकामी आहेत. ४२ ते ६० या वयात ना तारुण्याचे आकर्षण असते, ना म्हातारपणाचे नवल.

याच वयाच्या स्त्रिया एरवी भरपूर घाम गाळताना दिसतात, ही त्यातली गंमत. श्रावणात ठाणे, डोंबिवली, पुण्यात मंगळागौरीच्या खेळांचे गट जोरात असतात. फुगड्या, झिम्मा, पिंगा, बसफुगडी यांत दम, तोल, पायांची ताकद आणि उड्या सगळे काही लागते. अशा गटांत पन्नाशीच्या स्त्रिया तास-दीड तास खेळतात. तालमी महिनाभर आधी सुरू होतात. पण या खेळांना ‘परंपरा’ म्हटले जाते, ‘फिटनेस’ नव्हे. त्यामुळे खेळणाऱ्या स्त्रीलाही आपण उत्तम व्यायाम करतो आहोत असे वाटत नाही, आणि भाद्रपद लागला की तो थांबतो.

याचा परिणाम आकडेवारीत दिसतो का?

स्त्रियांच्या व्यायामाबद्दलचे चित्र चिंताजनक आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते. २००० साली देशाचे एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते.

याचे खापर एकट्या जाहिरातींवर फोडता येणार नाही. वेळ हे मोठे कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. जवळपास पाच तास घरकामात गेल्यावर जिमसाठी वेळ उरवणे म्हणजे झोपेतून किंवा विश्रांतीतून तो काढणे. शिवाय ‘दिवसभर काम करतेच की, वेगळा व्यायाम कशाला’ हा घरचा सल्ला असतो. घरकामात हालचाल होते, पण स्नायूंवर हळूहळू वाढत जाणारा भार पडत नाही.

मोजणीतही या वयाचे नीट प्रतिबिंब पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंची, वजन आणि कंबर मोजली जाते ती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची. पुरुषांची मात्र ५४ वर्षांपर्यंत. सर्वेक्षणाचा मूळ रोख प्रजननक्षम वयावर असल्याने ही मर्यादा आली. ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ‘लासी’ हे वेगळे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. दोन्हींची जबाबदारी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होती. पण लठ्ठपणावरच्या बातम्यांत आणि सादरीकरणांत जो आकडा सतत फिरतो, त्यात पन्नाशीची स्त्री नसते.

जाहिरातदार असे का करतात?

पहिले कारण सोपेपणाचे. वजन हा आकडा आहे. तो फोटोत दाखवता येतो. हाडांची घनता, तोल किंवा पकडीची ताकद ‘आधी-नंतर’च्या चौकटीत मावत नाही. ‘दहा वर्षांनी घसरून पडलात तरी खुब्याचे हाड मोडणार नाही’ हे वाक्य सदस्यत्व विकायला कच्चे पडते.

दुसरे कारण वसुलीचे. जिमचा पैसा वार्षिक शुल्कातून आगाऊ येतो. त्यामुळे ग्राहकाने जानेवारीत किंवा लग्नसराईआधी उत्साहाच्या भरात नाव नोंदवणे महत्त्वाचे. झटपट बदलाचे आश्वासन त्यासाठी कामी येते. सावकाश, वर्षानुवर्षे चालणारा व्यायाम आकर्षक वाटत नाही.

तिसरे कारण लाज. न्यूनगंड हा फिटनेसच्या बाजाराचा जुना विक्रेता आहे. या शतकाच्या सुरुवातीला टेलिशॉपिंगवर दिसणारा, पोटाला गुंडाळून घाम काढणारा ‘सॉना बेल्ट’ आठवून पाहा. ग्राहक होती दुपारी टीव्हीसमोर बसलेली गृहिणी. घामाबरोबर पाणी जाते, चरबी नाही. माध्यम आता मोबाइल झाले, लाजेचा धागा तोच राहिला.

तो कधी उलटतोही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘पेलोटन’ या व्यायामाच्या सायकली विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत नवरा आधीच सडपातळ असलेल्या बायकोला सायकल भेट देतो आणि ती वर्षभर स्वतःचे व्हिडीओ काढून त्याला दाखवते, असे दृश्य होते. त्यावर इतकी टीका झाली, की एका दिवसात कंपनीचा शेअर सुमारे नऊ टक्क्यांनी घसरला.

कायदा आणि नियम काय सांगतात?

जाहिरात उद्योगाची स्वनियामक संस्था असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, जून २०२२ मध्ये लिंगभेदी साचेबद्ध चित्रणाविरोधात मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. एखाद्या व्यक्तीचे शरीर ‘आदर्श’ चौकटीत बसत नसेल, तर त्या शरीरामुळेच ती नात्यांत, समाजात किंवा नोकरीत अपयशी ठरली असे जाहिरातीने सूचित करू नये, असे त्यात म्हटले आहे. ‘जाड होती म्हणून कुणी विचारत नव्हते, बारीक झाली आणि आयुष्य बदलले’ ही कथा या सूचनेच्या थेट आड येते. आस्की स्वतः दंड करू शकत नाही. जाहिरात बदलण्यास किंवा मागे घेण्यास सांगते. केबल टीव्हीच्या नियमांत मात्र आस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवण्यास मनाई आहे.

दंडाचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवर एक ते तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. जून २०२२च्या नियमावलीतील एक तरतूद मराठी वाचकांच्या खास उपयोगाची आहे. दावा ज्या भाषेत केला असेल त्याच भाषेत आणि त्याच टायपात खुलासा असला पाहिजे. म्हणजे ‘३० दिवसांत १० किलो कमी’ हे मोठ्या मराठी अक्षरांत आणि ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतील’ हे कोपऱ्यात बारीक इंग्रजीत, हे चालणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सर्ससाठी आणखी नियम आले. डॉक्टर किंवा प्रमाणपत्रधारक फिटनेस तज्ज्ञ असल्याचे सांगणाऱ्याने सल्ला देताना तसे स्पष्ट करायचे आहे. इतरांनी आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे नमूद करायचे आहे. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-काढ्यांसाठी तर औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ आहेच. ज्या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई केली, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आणि पाळीच्या तक्रारी दोन्ही आहेत.

इंटरनेट कंपन्यांनीही काही बंधने घातली आहेत. ‘मेटा’च्या जाहिरात धोरणात वजन कमी करण्याच्या ‘आधी-नंतर’ छायाचित्रांवर निर्बंध आहेत. ‘पिंटरेस्ट’ने जुलै २०२१ मध्ये वजन कमी करण्याच्या जाहिराती पूर्ण बंद केल्या. मात्र हे निर्बंध पैसे भरून केलेल्या जाहिरातींना लागतात. कुणी आपल्या खात्यावर टाकलेले साधे रील किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला फोटो त्यातून निसटतो.

परदेशात काय बदलले?

ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये दोन टोकांच्या घटना घडल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘प्रोटीन वर्ल्ड’ कंपनीने बिकिनीतल्या तरुणीचे फोटो लावून ‘तुमचे शरीर समुद्रकिनाऱ्यासाठी तयार आहे का’ असा सवाल केला. त्यावर तेथील जाहिरात नियामकाकडे ३७८ तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी महापौर सादिक खान यांनी शरीराबद्दल लाज वाटायला लावणाऱ्या जाहिरातींना शहराच्या वाहतूक सेवेत मनाई केली.

त्याच वर्षी जानेवारीत ‘स्पोर्ट इंग्लंड’ या सरकारी संस्थेने ‘धिस गर्ल कॅन’ ही मोहीम सुरू केली होती. खेळणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा २० लाखांनी कमी का, याचा शोध घेतल्यावर ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मुख्य कारण निघाली. म्हणून मोहिमेत मॉडेल न घेता घामेजलेल्या, धापा टाकणाऱ्या, पोट हलणाऱ्या खऱ्या स्त्रिया दाखवल्या. सुरुवातीला तिचा रोख १४ ते ४० वयावर होता. २०१७ मध्ये वयोमर्यादा ६० पर्यंत वाढवण्यात आली. चांगल्या हेतूच्या मोहिमेलाही चाळिशीपुढची स्त्री दिसायला दोन वर्षे लागली.

जाहिरात पाहून नाव नोंदवण्याआधी काय तपासावे?

- जाहिरात किलो आणि इंचांखेरीज दुसरे काही मोजते का? खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, एका पायावर किती वेळ उभे राहता येते, किती वजन उचलता येते याची नोंद ठेवणारा प्रशिक्षक या वयासाठी अधिक उपयोगाचा.

- ‘लेडीज बॅच’मध्ये वजने उचलायला शिकवतात का, की फक्त झुंबा? दोन्ही असणे उत्तम.

- प्रशिक्षकाने पाळी, रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, जुनी दुखापत यांची चौकशी केली का? न विचारता पहिल्याच दिवशी उड्या मारायला लावणाऱ्या ठिकाणापासून लांब राहावे. हाडांचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

- वर्षाचे शुल्क एकदम भरण्याऐवजी महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पर्याय मागावा. शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर तो दर पाहावा.

- ठरावीक दिवसांत ठरावीक किलो घटवण्याची हमी असेल, तर पुरावा मागावा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार आस्कीच्या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदवता येते. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडावा.

जिम परवडत नसेल किंवा वेळ जुळत नसेल, तरी ताकदीच्या व्यायामाची सुरुवात घरी होऊ शकते. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हे आठवड्यातून दोन दिवस, हळूहळू वाढवत. रोजच्या चालण्याला ही जोड द्यायची, चालणे सोडायचे नाही. दर तीन महिन्यांनी वजनाबरोबर कंबरेचा घेर आणि उठ-बसांची संख्या वहीत लिहिली, तर आपली प्रगती नेमकी कुठे होते आहे ते कळेल.